दार नंबर ५२६९

गेल्या पावसाळ्यात आमच्या शाळेला स्वतःचा चॅट सर्व्हर मिळाला. मिळाला म्हणजे आमच्याच एका माजी विद्यार्थ्याने तो उभा करून दिला. हा मुलगा चौथीत असताना माझ्या वर्गात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका करी. आता खराडीतच, इऑन पार्कमधल्या एका काचेच्या इमारतीत बसून तो यंत्रांच्या चुका काढतो. शाळेने त्याचा सत्कार केला. शाल झाली, श्रीफळ झाले. अध्यक्षमहाशयांनी 'आपण आज स्वावलंबी झालो' असे भाषण केले. आणि त्याच सभेत, त्याच टाळ्यांच्या कडकडाटात ठराव झाला, की या सर्व्हरने बाहेरच्या कोणत्याही सर्व्हरशी बोलू नये!

ठरावाविरुद्ध एकच हात वर झाला, तो माझा. सभेत मला दोन मिनिटे मिळाली. संपादकांनी येथे जास्त जागा दिली आहे, आणि ती पुरती वापरण्याचा माझा इरादा आहे.

मी मॅट्रिक झालेला माणूस. चार कादंबऱ्या लिहिल्या, पोरांना बाराखडी शिकवली, एवढेच माझे भांडवल. तेव्हा यंत्राविषयी बोलण्याचा तुम्हाला काय अधिकार, असे कोणी विचारील. उत्तर सोपे आहे. तीन शनिवार मी त्या मुलाच्या शेजारी बसून हे काम पाहिले, आणि समजले नाही ते निर्लज्जपणे पुन्हा पुन्हा विचारले. ठराव करणाऱ्यांपैकी एकही जण तेथे फिरकला नव्हता.

काम आहे ते असे. या जातीच्या सर्व्हरवर माणसाचा पत्ता ईमेलसारखा असतो : आधी नाव, मग घराण्याचे नाव, म्हणजे शाळेचे डोमेन. यंत्राला नंबर घातलेली दारे असतात. आपल्या घरची माणसे फोनवरून आत येतात ती ५२२२ नंबरच्या दाराने. दुसऱ्या सर्व्हरने आणलेला निरोप येतो ५२६९ नंबरच्या दाराने. पहिले दार उघडले, की घरातल्या घरात गप्पा सुरू होतात, आणि पुष्कळांना वाटते की काम झाले. वस्तुतः काम तेथे निम्मेच होते. बाहेरच्यांना आपले घर सापडावे म्हणून डोमेनच्या नोंदवहीत एक पाटी लावावी लागते, की या नावाचा सर्व्हर अमुक यंत्रावर, अमुक दाराशी भेटेल. मग ओळखीचे प्रमाणपत्र. ते फुकट मिळते, पण कायमचे नव्हे, वेळोवेळी बदलून घ्यावे लागते. आणि ते यंत्राच्या नावाचे असून चालत नाही, पत्त्यात जे डोमेन आहे त्याच्याच नावाचे लागते. येथे भले भले फसतात. समोरच्यापाशी प्रमाणपत्र नसेल तर जुनी एक रीत आहे, उलट विचारणेची : कोणी येऊन 'मी वाघोलीहून आलो' म्हणाला, की आपला सर्व्हर स्वतः वाघोलीचे दार ठोठावून विचारतो, 'हा माणूस तुमचाच ना?' पोलिसपाटलाने याहून वेगळे काय केले असते?

एक खोच तर मला फारच आवडली. गटात बोलण्याच्या खोल्यांना स्वतःचे वेगळे उपनाव असते. त्या उपनावाची पाटी लावायला विसरले, तरी घरच्यांचे काहीच अडत नाही. त्यांना खोली ठाऊकच असते. बाहेरचा मात्र अंगणात येऊन चाचपडत राहतो, आणि घरच्यांना त्याचा पत्ताही नसतो. आमच्या मुलाने त्यावर एक अख्खी दुपार घालवली. शेवटी त्याने मुंबईच्या एका मित्राच्या सर्व्हरवरून आमच्या खोलीत 'नमस्कार मास्तर' असे लिहवून घेतले, तेव्हा आम्ही दोघांनी चहा प्यालो. आठ दिवसांनी ठराव आला आणि त्याने ते दार मुकाट्याने लावून घेतले.

एका सर्व्हरने दुसऱ्याशी बोलणे याला इंग्रजीत फेडरेशन म्हणतात. हा शब्द महाराष्ट्राला नवा का आहे? दूध संघाने, साखर संघाने तो आपल्या खेड्यापाड्यांत पोचवला. प्रत्येक संस्था स्वतःची, हिशेब स्वतःचा, आणि तरी एकमेकींशी व्यवहार. आमच्या समितीतले निम्मे सभासद सहकारी पतपेढ्यांतून मोठे झालेले आहेत. त्यांनी हा शब्द ऐकून दचकावे, ही मौजच म्हणायची.

टपालाचे उदाहरण घ्या. १८७४ साली बर्न येथे देशादेशांनी टपालाचा करार केला, १८७६ साली हिंदुस्थान त्यात सामील झाला. तेव्हापासून पुणे १४ च्या टपालपेटीत टाकलेले पत्र आपल्याच तिकिटावर लंडनला जाते. 'आमचे टपाल फक्त आमच्या हद्दीत', असे म्हणणारा पोस्टमास्तर जनरल असता तर त्याला आपण वेडा ठरवले असते. उलट उदाहरण हवे असेल तर बार्शी लाइट रेल्वे पहा. १८९७ साली ती सुरू झाली. रूळ अरुंद, अडीच फुटांचे. कुर्डुवाडीला मोठी गाडी शेजारी उभी, पण डबे काही इकडचे तिकडे जात नसत. प्रत्येक पोते उतरवायचे आणि पुन्हा चढवायचे. रूळ रुंद व्हायला एकविसावे शतक उजाडावे लागले. हमालांचे पोट त्यावर चालले, हे खरे. परंतु आजच्या मोठमोठ्या चॅट-कंपन्या मुद्दाम अरुंद रूळ टाकतात, ते हमालांच्या पोटासाठी नव्हे.

त्यांचा इतिहास पहाण्यासारखा आहे. १९९९ साली जेरेमी मिलर नावाच्या अमेरिकन तरुणाने जॅबर नावाची ही मोकळी रीत जगापुढे मांडली. २००४ साली तिला इंटरनेटच्या मानक-मंडळाची मान्यता मिळाली. गूगलने २००५ साली आपली टॉक सेवा याच रीतीवर काढली आणि पुढच्याच वर्षी बाहेरच्या सर्व्हरांसाठी दार उघडले. लोक खूश झाले. गूगलवरच्या माणसाशी स्वतःच्या सर्व्हरवरून बोलू लागले. २०१३ साली गूगलने नवी सेवा आणली आणि त्या नव्या घराला हे दारच ठेवले नाही. व्हॉट्सॲपचे पोट तर याच रीतीच्या मोकळ्या सॉफ्टवेअरवर वाढले, पण बाहेरच्यासाठी त्याने आपण होऊन दार कधी काढलेच नाही. सार्वजनिक विहिरीच्या पाण्यावर बाग फुलवायची आणि मग बागेला कुंपण घालायचे, त्यातला हा प्रकार. युरोपने २०२२ साली कायदा करून मोठ्या कंपन्यांना सांगितले, की दुसऱ्या सेवांना तुमच्याशी बोलू द्या. म्हणजे फेसबुकवाल्यांना जे करायला कायदा लागतो, ते आमच्या शाळेला फुकट आणि आपखुशीने करता येत होते; आणि आम्ही ठराव करून त्यांच्याच पंगतीला जाऊन बसलो!

'पण मास्तर, मुलांची सुरक्षितता?' हा सभेतला सर्वांत जोरदार सवाल होता, आणि तो मी हसण्यावारी नेत नाही. दार उघडे टाकले की भामटे येतात. जाहिरातींचा कचरा येतो. शिवाय निरोप ज्या दुसऱ्या सर्व्हरवर जातो, तेथील चालकाला निदान कोण कोणाशी कधी बोलले एवढे तरी दिसते. मजकुराला कुलूप घालता येते, पाकिटावरचा पत्ता लपवता येत नाही. हे सगळे कबूल. परंतु दार म्हणजे नुसते उघडे किंवा नुसते बंद, असे कोणी सांगितले? कोणालाही आपण होऊन खाते काढता येऊ नये, एवढी तजवीज पहिल्याच दिवशी झाली होती. ज्यांचे प्रमाणपत्र नीट आहे अशांनाच आत घ्यावे, असेही सांगता येते. आणि तेही पुरेसे वाटत नसेल तर ओळखीच्या शाळांची नावे यादीत घालून तेवढ्यांनाच प्रवेश ठेवता येतो. फ्रान्सच्या सरकारने २०१९ साली आपल्या नोकरवर्गासाठी मॅट्रिक्स नावाच्या अशाच दुसऱ्या एका रीतीवर चॅट सुरू केले. (मॅट्रिकच्या पुढे न गेलेल्या मास्तरांनी मॅट्रिक्सची वकिली करावी, हा योगायोग आहे.) फ्रेंच मंत्रालयांना जी जोखीम सांभाळता येते, ती खराडीच्या शाळासमितीला झेपत नाही?

खरे कारण सुरक्षितता नव्हेच. आमच्या खराडीला फाटकाचे वेड लागले आहे. नदीकाठचे हे गाव महापालिकेत गेले, नगर रस्त्याच्या अंगाने मनोरे उभे राहिले, आणि प्रत्येक मनोऱ्याने आपापले फाटक, आपापला दरवान आणि आपापले ॲप घेतले. भाजीवाल्याला दर फाटकाशी नवे नाव, नवा फोटो. एका मनोऱ्याचा निरोप शेजारच्या मनोऱ्याला जात नाही. जाण्याची सोयही नाही आणि कोणाला खंतही नाही. शाळेने हाच वारा प्याला. भाड्याची कोठडी सोडून स्वतःचे घर बांधले, आणि त्यालाही कोठडीचेच दार बसवले.

आता ज्या मुलीसाठी मी हात वर केला, तिच्याविषयी सांगतो. हेच मनोरे बांधणाऱ्या एका गवंड्याची ती मुलगी. दीड वर्ष तिसरीत-चौथीत माझ्या वर्गात होती. जोडाक्षरांपाशी अडखळे. सर्व्हर झाल्यावर रोज संध्याकाळी ती आईच्या फोनवरून एक पान वाचून त्याचे ध्वनिमुद्रण मला पाठवी, आणि मी चुका सांगून परत पाठवी. दसऱ्याच्या आधी बांधकाम संपले. कुटुंब वाघोलीच्या बाजूला दुसऱ्या कामावर गेले. पटावरून नाव कमी झाले, म्हणून नियमाप्रमाणे आमच्या सर्व्हरवरचे खातेही बंद झाले. आईचे सिमकार्ड रिचार्जअभावी केव्हाच गेले होते. त्या नंबरावर मी व्हॉट्सॲप केले, तर उत्तर आले ते भलत्याच एका गृहस्थांचे, आणि तेही रागाचे. ज्यांचे पत्ते फोन-नंबराला बांधले आहेत, त्या सेवांत गरीब माणूस असा दर वर्षा-दीड वर्षाने नाहीसा होतो.

नशीब असे, की तिच्या नव्या शाळेलाही असाच सर्व्हर आहे. आमच्या विद्यार्थ्याच्याच एका सहकाऱ्याने तो लावून दिला. मुलीला तेथे नवा पत्ता मिळाला. माझा जुना पत्ता तिला पाठ होता. तिने पान वाचले, पाठवले, आणि 'पोहोचले नाही' असा शेरा घेऊन ते परत गेले. असे सहा वेळा झाले. हे मला राहिलेली मजुरी मागायला आलेल्या तिच्या बापाने सांगितले. 'मास्तरांनी नाव काढून टाकलं म्हणून जात नाही, असं म्हणते ती', एवढेच तो बोलला.

ठराव करणाऱ्या सद्गृहस्थांनी या वाक्याचा अर्थ लावावा. परगावी गेलेली मुले पटावरून जातात, खात्यातून जातात, आणि मग शिक्षणातून कधी जातात ते कोणालाच कळत नाही. खराडीसारख्या ठिकाणी ही दोन-चार मुलांची गोष्ट नाही. येथे दर इमारतीबरोबर एक वर्ग उठून जातो. त्यांच्या मागे जाऊ शकेल अशी एकच वस्तू आमच्यापाशी होती.

मोकळ्या सॉफ्टवेअरच्या आपल्याकडील कार्यकर्त्यांनी याच जॅबरच्या रीतीवर 'प्राव' नावाची सेवा काढली आहे. मल्याळीत त्याचा अर्थ कबूतर. ती कोणा शेटजीच्या नव्हे, वापरणाऱ्यांच्या सहकारी संस्थेच्या मालकीची असावी, हा त्यांचा हेतू. ज्या प्रांतात विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी लोणीला शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा करून दाखवला, त्या प्रांतातल्या शाळेला या कबुतराची भीती वाटते!

मागच्या आठवड्यात मी विद्यार्थ्याला गळ घातली. रात्री त्याने दहा मिनिटांपुरते दार उघडले. या सर्व्हरच्या सेटिंगच्या फाइलीत बंद ठेवायच्या गोष्टींची यादी असते; तिच्यातल्या 'एस टू एस' या ओळीच्या आधी दोन आडव्या रेघा टाकल्या, की ती ओळ रद्द होते आणि दार मोकळे होते. पलीकडे निरोप गेला होता. आठव्या मिनिटाला पान आले. 'दुष्काळ' बरोबर, 'आश्चर्य' बरोबर, 'ज्योत्स्ना' ला अडखळली, पुन्हा मागे गेली आणि म्हणाली. मी 'शाबास' लिहिले. ते पोहोचले. मग रेघा पुसल्या.

झाल्या प्रकाराची कबुली आणि त्या दोन रेघांसाठी अर्ज, असे एकाच कागदावर लिहून मी सचिवांकडे दिले आहे. बैठक भाऊबीजेनंतर आहे.