फुकटच्या गाण्याची किंमत

एप्रिल उजाडला की परतूरसारख्या तालुक्याच्या गावी भीमगीतांच्या रात्री सुरू होतात. ढोलकी घुमते, आबालवृद्ध जमतात. परंतु मंचामागे पुढाऱ्याचा अवाढव्य फलक असतो आणि गायकाच्या पहिल्या सुराआधी देणगीदारांची नामावळी ऐकावी लागते. प्रवेश विनामूल्य असतो. गर्दी पाहून पुरोगामी मंडळी समाधानाने म्हणतात, लोकांचे गाणे जिवंत आहे!

हे समाधान भाबडे आहे. श्रोत्याने जी रक्कम दिली नाही ती दुसरा कोणीतरी देतो, आणि जो देतो तोच गाण्याचा विषय ठरवतो. ठेकेदाराच्या पैशावर उभ्या राहिलेल्या मंचावरून ठेकेदारीविरुद्ध कडवे म्हटले जात नाही. बाबासाहेबांचे गुणगान चालते. गायरानाचा प्रश्न, रोजगार हमीची थकलेली मजुरी, ऊसतोडणीला जाणाऱ्या कुटुंबांची परवड मात्र वर्ज्य ठरते. महामानवाच्या नावाने त्याच्याच विचारांचे तोंड बंद करण्याचा हा सभ्य मार्ग होय.

१९४४ साली स्थापन झालेल्या लाल बावटा कलापथकात अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर गात होते, ते कामगारांच्या बळावर. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) आयुष्यभर गावोगाव हिंडले, ते वस्त्यांच्या आधारावर. आश्रयदाता नसणे हेच त्यांच्या वाणीचे सामर्थ्य होते.

आज जे आश्रयावाचून गातात त्यांच्यापुढे शासन उभे ठाकते. कबीर कला मंचाचे शीतल साठे व सचिन माळी २०१३ मध्ये विधानभवनासमोर पोलिसांच्या स्वाधीन झाले. माळी आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांना सर्वोच्च न्यायालयाकडून जामीन मिळण्यास जानेवारी २०१७ उजाडला. एप्रिल २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगरचा तरुण रॅपर राज मुंगासे याच्यावर राज्यातील सत्तांतरावरच्या गाण्यासाठी गुन्हा नोंदला गेला. एका हाती थैली, दुसऱ्या हाती बेडी. गायकाने निवड करावी, अशी ही व्यवस्था आहे.

गरीब श्रोता पैसे कोठून देणार, असा आक्षेप घेतला जातो. मग हरिनाम सप्ताहासाठी घरटी वर्गणी कोण काढतो? कीर्तनकाराचे मानधन कोण देतो? तोच शेतमजूर, तोच अल्पभूधारक! शाहिरासाठी त्याला दहा रुपये जड होतील असे म्हणणे हा त्याच्या दारिद्र्याचा कळवळा नव्हे, त्याच्या स्वाभिमानाचा अपमान आहे.

आणि पुरोगामी पक्ष तरी निर्दोष आहेत काय? वक्ते येईपर्यंत गर्दी धरून ठेवण्यासाठी शाहिराला उभे करावयाचे आणि एसटीचे भाडे हाती ठेवून निरोप द्यावयाचा, ही रीत त्यांचीच. श्रमाच्या मोबदल्यावर भाषणे करणाऱ्यांनी गळ्याचे श्रम मात्र फुकट मानले.

ही रीत मोडली पाहिजे. कार्यकर्त्यांनी घरटी वर्गणी गोळा करावी, मानधन आधी ठरवावे, मंचावर कोणाचाही फलक लावू नये. गाण्यावरून खटला झाला तर वकिलाचा खर्चही त्याच वर्गणीतून उचलावा. जे गाणे जनतेने पोसलेले नाही, ते संकटाच्या दिवशी जनतेच्या बाजूने उभे राहणार नाही.