खाजेची फिर्याद ऐकून घ्या

ज्वर आला तर घर जागे राहते, छातीत कळ आली तर शेजारीही धावून येतात. परंतु मध्यरात्री उठून दाराच्या चौकटीला पाठ घासणाऱ्या वृद्धाची मात्र 'हवा कोरडी आहे, खोबरेल लावा' एवढ्यावर बोळवण होते. पुष्कळदा हा सल्ला योग्यच असतो, कारण कोरडी त्वचा, खरूज, नायटा हीच खाजेची नित्याची कारणे होत. तथापि जी खाज सहा आठवडे उलटूनही हटत नाही, जिच्यापाशी पुरळाचा मागमूस नसतो, जी शरीराच्या दोन्ही अंगांना सारखीच उठते आणि रात्री बळावते, ती यकृत, थायरॉईड किंवा मूत्रपिंड यांच्या विकाराची सूचना असू शकते. अशा वेळी दुकानातून परस्पर आणलेल्या मलमाच्या नळ्या रिकाम्या करीत बसणे म्हणजे निदानाला विलंब लावणे होय.

मूत्रपिंडाचा रोग आरंभी मूक असतो आणि खाज बहुधा उत्तरावस्थेत प्रकट होते, हेही ध्यानात घेतले पाहिजे. म्हणून मधुमेह वा रक्तदाब जडलेल्यांनी खाजेची वाट न पाहता दरवर्षी रक्तातील क्रिएटिनिन आणि लघवीतील अल्ब्युमिन तपासून आपली खातरजमा करून घ्यावी.

डायालिसिसवरील रुग्णांची अवस्था अधिक करुण आहे. सुया टोचलेला हात सुमारे चार तास निश्चल ठेवायचा आणि त्याच वेळी पाठीला कंड सुटायचा, ही यातना शेजारच्या खाटेवरच्यालाच कळते. अशा रुग्णांपैकी एक तृतीयांशाहून अधिकांना मध्यम वा तीव्र खाज असते, असे अनेक देशांतील पाहण्यांत आढळले आहे. तिने झोप जाते, मन खचते, आणि तरीही ती सांगण्याजोगी वाटत नाही. वस्तुतः इलाज आहेत: त्वचा स्निग्ध ठेवणे, रक्तातील फॉस्फरस आटोक्यात आणणे, डायालिसिस पुरेसे होते की नाही हे पाहणे, आणि तज्ज्ञाच्या देखरेखीखाली अल्प मात्रेत गॅबापेंटिन देणे. खास याच खाजेसाठी डिफेलिकेफॅलिन या औषधाला अमेरिकेने 2021 साली मान्यता दिली. उलट, सर्रास लिहून दिल्या जाणाऱ्या ॲलर्जीच्या गोळ्यांनी गुंगी येते, गुण मात्र क्वचितच येतो.

केंद्र सरकारच्या 2016 च्या कार्यक्रमाने जिल्हा रुग्णालयांपर्यंत डायालिसिस पोहोचविले, हे उपकारक झाले. आता तेथील नोंदवहीत वजन आणि रक्तदाब यांच्या शेजारी खाजेचाही एक रकाना असावा. डॉक्टरांनी विचारावे, रुग्णांनी संकोच सोडून सांगावे, आणि घरच्यांनी ही तक्रार हसण्यावारी नेऊ नये.