लॅपटॉप शेंद्र्याला चाललाय!

सकाळी जालना रोडवर उभं राहून बघा. कंपन्यांच्या बसेस, बाईक्स, चौघांत मिळून केलेल्या कार्स... आणि जवळपास प्रत्येकाच्या पाठीवर एक काळी सॅक. सॅकमध्ये डबा, पाण्याची बाटली आणि लॅपटॉप. २००१ मध्ये शेंद्र्याच्या प्लान्टमधून स्कोडाची ऑक्टाव्हिया बाहेर पडायला लागली, तेव्हा लॅपटॉप म्हणजे मोठ्या साहेबांची चैन होती. २०१९ मध्ये ऑरिक हॉलचं उद्घाटन झालं तोवर तो स्टोअरकीपरच्या टेबलावरही येऊन बसला होता. आता तर ज्यांनी तिथे स्वतःचं छोटं युनिट टाकलंय त्यांचं अख्खं ऑफिसच त्या सॅकमध्ये असतं.

साहजिकच मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न एकच. ‘‘सत्तर हजार बजेट आहे, कुठला घेऊ?’’ सोबत दोन-तीन मॉडेल्सचे फोटो येतात. भन्नाट ग्राफिक्स कार्ड, रंग बदलणारा कीबोर्ड, वजन इतकं कमी की वाऱ्याने उडेल! मी उलटा प्रश्न विचारतो. ‘‘हा बंद पडेल त्या दिवशी काय करणार?’’ यावर समोरून शांतता.

बॉस, हा प्रश्न अपशकुनाचा नाही, धंद्याचा आहे. जरा चित्र डोळ्यांसमोर आणा. माल पॅक झालाय, टेम्पो भरून गेटवर उभा आहे, आणि लॅपटॉप काळी स्क्रीन दाखवून गप्प. ई-वे बिल तसं दुसऱ्या कॉम्प्युटरवरूनही काढता येतं, पण पार्टीचे रेट्स, शेड्यूल, कालपर्यंतची बिलं, टॅलीचा डेटा सगळं त्या एका डब्यात. तुमची उलाढाल ५ कोटींच्या वर असेल तर ऑगस्ट २०२३ पासून तुम्हाला ई-इन्व्हॉइसही काढावंच लागतं. कच्च्या कागदावर बिल फाडून टेम्पो सोडायचे दिवस गेले. समोरची कंपनी वाहन उद्योगातली असेल तर तिच्याकडे तुमच्या पार्ट्सचा साठा मोजकाच असतो. तिची लाइन थांबली की आधी फोन येतो, मग मेल, मग डेबिट नोट. दोन लॅपटॉप्सच्या किमतीतला दहा-पंधरा हजारांचा फरक त्या एका दुपारी वसूल होऊन जातो.

म्हणून माझं मत सरळ आहे. शेंद्र्याला जाणारा लॅपटॉप दिसायला बोअरिंग असला तरी चालेल. नव्हे, बोअरिंगच घ्या!

प्रत्येक मोठ्या ब्रँडची दोन घराणी असतात. एक घरगुती, जे मॉलमध्ये लाईट मारून मांडलेलं असतं. दुसरं बिझनेसचं. लेनोव्होचं थिंकपॅड (२००५ पर्यंत हे आयबीएमचं अपत्य होतं, आठवतंय?), एचपीचं प्रोबुक आणि एलीटबुक, आसुसचं एक्स्पर्टबुक, एसरचं ट्रॅव्हलमेट. डेलचं लॅटिट्यूड ऐकून असाल. २०२५ मध्ये कंपनीने नावं बदलली आणि त्याच्या जागी ‘डेल प्रो’ आलं. या मशीन्स शोरूममध्ये फारशा दिसत नाहीत. दुकानदाराला मॉडेल नंबर सांगून मागवाव्या लागतात आणि काही दिवस थांबावं लागतं. सेल्समन तोवर तुम्हाला गेमिंग लॅपटॉप दाखवत राहील. बघा, कौतुक करा, कॅनॉटला जाऊन कॉफी प्या आणि ऑर्डर बिझनेसचीच द्या. यात तुम्हाला मिळतो मजबूत सांधा, बऱ्याच मॉडेल्समध्ये थोडंफार पाणी सांडलं तरी निभावून नेणारा कीबोर्ड, काही वर्षांनीही मिळणारे स्पेअर पार्ट्स आणि मुख्य म्हणजे ऑनसाइट वॉरंटी.

ऑनसाइट म्हणजे इंजिनियर तुमच्याकडे येणार, तुम्ही लॅपटॉप घेऊन सर्व्हिस सेंटरच्या रांगेत बसायचं नाही. बिझनेस सीरिजमध्ये तीन वर्षांचं ऑनसाइट, शक्यतो ‘पुढच्या कामकाजाच्या दिवशी’वालं, जादा पैसे देऊन घेता येतं. ते घ्याच. पण थांबा, इथे एक गोम आहे. ‘शहरात सर्व्हिस आहे’ आणि ‘शेंद्रा एमआयडीसीत इंजिनियर येतो’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पैसे देण्याआधी युनिटचा पिन कोड सांगून कंपनीच्या टोल फ्री नंबरवर विचारा आणि उत्तर मेलवर मागा. दुकानदाराच्या ‘येतो की साहेब’वर जाऊ नका, तो बिचारा चांगल्या मनाने बोलतो, पण येणारा तो नसतो. आणखी एक बारीक अक्षरातली गोष्ट. लॅपटॉपला तीन वर्षं असली तरी बॅटरीला बऱ्याचदा एकच वर्ष असतं. पडणं-फुटणं साध्या वॉरंटीत येत नाही, त्याचा प्लान वेगळा आणि तो खरेदीच्या वेळीच स्वस्तात मिळतो.

आता मशीनच्या बाजूंकडे बघा. हो, स्क्रीनकडे नाही, कडांकडे! फॅशनेबल पातळ लॅपटॉपला दोन टाइप-सी भोकं असतात आणि बाकी ठणठणाट. शेंद्र्यात तुम्हाला लागतं काय? डिजिटल सिग्नेचरचं टोकन, माऊस, पेनड्राइव्ह हे सगळे जुन्या चौकोनी यूएसबीवाले. पीएलसीला जोडायला लॅनचा पोर्ट. मीटिंग रूममधल्या प्रोजेक्टरला एचडीएमआय. हे अंगचेच असलेले बरे. अडॅप्टर्सची माळ नेमकी घरी राहते, आणि घर वीसेक किलोमीटर मागे असतं. चार्जिंग मात्र टाइप-सीचं हवं, कारण चार्जर विसरला तर शेजारच्या टेबलावर उसना मिळतो.

शॉप फ्लोअरवर जुनं सीएनसी असेल तर आरएस-२३२ सिरियल पोर्टशी गाठ पडतेच. नऊ पिनांचा तो पोर्ट नव्या लॅपटॉपवर शोधू नका, यूएसबी कन्व्हर्टर घ्या. पण दोनशे रुपयांचा नको. त्यातल्या अनेकांत प्रोलिफिकच्या जुन्या किंवा नकली चिप्स असतात आणि विंडोज ११ चा ड्रायव्हर त्यांना चक्क नाकारतो. एफटीडीआयची अस्सल चिप असलेला, जमलं तर आयसोलेटेड कन्व्हर्टर घ्या. वेल्डिंग मशीन्स आणि थ्री फेजच्या गोतावळ्यात अर्थिंगचा फरक पडला की पोर्ट जळायला क्षण पुरतो. साधा कन्व्हर्टर वापरत असाल तर मशीनला केबल जोडताना लॅपटॉपचा चार्जर काढून ठेवा, बॅटरीवर काम करा.

प्रोसेसरचं काय, असं विचारणार ना? थोडक्यात आवरतो, कारण यात फार चुकायला जागा नाही. टॅली, एक्सेल, मेल, ब्राउझरमध्ये पंधरा टॅब यासाठी इंटेल किंवा एएमडीचा मधल्या श्रेणीतला, गेल्या दोन-तीन वर्षांतला कुठलाही चालतो. फक्त एआरएमवाले स्नॅपड्रॅगन लॅपटॉप घेताना सावध. बॅटरी मस्त चालते, वादच नाही. पण डिजिटल सिग्नेचरचं टोकन, सॉफ्टवेअरचा डोंगल, पीएलसीची केबल यांचे ड्रायव्हर्स खास एआरएमसाठी बनलेले असावे लागतात, नाहीतर ती वस्तू लावूनही लावल्यासारखी वाटत नाही. आपल्या प्रत्येक टोकन-डोंगलबद्दल त्या-त्या कंपनीला विचारून झाल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका. थ्रीडी डिझाइन करणाऱ्यांचा हिशेब वेगळा; त्यांनी सॉफ्टवेअर कंपनीची मान्यताप्राप्त ग्राफिक्स कार्डांची यादी आधी उघडावी, मग दुकान.

रॅम १६ जीबी. आठवर भागवायचा मोह होईल, कारण २०२५ च्या शेवटच्या महिन्यांत मेमरीचे भाव जगभर भडकले. एआयच्या डेटा सेंटर्सनी चिप्स फस्त केल्या. तरी आठ नकोच. उलट मोकळा स्लॉट असलेलं मॉडेल शोधा, म्हणजे भाव उतरले की वाढवता येईल. पातळ मॉडेल्समध्ये रॅम बोर्डलाच डकवलेली असते, तिथे पुढे काही करता येत नाही. एसएसडी ५१२ जीबी पुरे. उरलेल्या पैशांत बाहेरची हार्ड डिस्क घ्या, तिचं काम पुढे येतंय.

स्वस्तात मिळणाऱ्या रिफर्बिश्ड लॅपटॉपबद्दल खूप जण विचारतात. कल्पना वाईट नाही. मोठ्या कंपन्यांतून निघालेले थिंकपॅड चांगलेच असतात. पण विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीच्या बहुतेक मशीन्सना विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. नेमक्या त्याच मशीन्स आता बाजारात ढिगाने आल्यात. पंधरा हजारांत ‘आय-फाइव्ह’ दिसला की पिढी विचारा. आय-फाइव्ह काय, आजोबापण असू शकतो!

बिल कंपनीच्या जीएसटी नंबरवरच घ्या. मूळ किंमत ६०,००० असेल तर त्यावर १८ टक्क्यांनी १०,८०० जीएसटी लागतो. धंद्यासाठी घेतलेल्या मशीनवरचा हा पैसा इनपुट क्रेडिट म्हणून परत धरता येतो. स्वतःच्या नावावर ऑनलाइन सेलमध्ये दोन हजार वाचवणारे हे विसरतात. कंपोझिशन स्कीममध्ये असाल तर मात्र हे क्रेडिट नाही.

चला, बॉक्स घरी आला. पहिल्याच संध्याकाळी अर्धा-पाऊण तास काढा, कारण नंतर तो कधीच मिळत नाही. विंडोज प्रो आहे ना बघा. डेस्कवरच्या मशीनमध्ये बाहेरून रिमोट डेस्कटॉपने शिरायचं असेल तर होम एडिशन चालत नाही. फुकट ट्रायलवाला अँटिव्हायरस काढून टाका, विंडोजचा स्वतःचा पुरतो. रोजच्या कामाचं लॉगिन साधं ठेवा आणि ॲडमिनचं वेगळं, म्हणजे कुणाच्या पेनड्राइव्हमधून आलेला पाहुणा थेट घरात घुसत नाही. ॲक्टिव्ह अवर्स शिफ्टप्रमाणे लावा, नाहीतर डिस्पॅचच्या ऐन वेळी अपडेट सुरू व्हायचं. टेबलावर कायम चार्जिंगला असेल तर बॅटरी ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय सेटिंगमध्ये असते, ती चालू करा.

आणि बिटलॉकर. या एका गोष्टीवर जरा थांबू. बिटलॉकर म्हणजे डिस्कला लावलेलं कुलूप. लॅपटॉप चोरीला गेला तर तुमचे रेट्स, ड्रॉइंग्ज कुणाला वाचता येत नाहीत, म्हणून ते हवंच. बऱ्याच नव्या मशीन्सवर ते तुम्हाला न विचारताही चालू झालेलं असतं. पण या कुलपाची किल्ली मदरबोर्डवरच्या चिपशी बांधलेली असते. आता समजा तुमची ती ऑनसाइट वॉरंटी कामाला आली, इंजिनियर वेळेवर आला, नवा मदरबोर्ड बसवला, स्क्रीन उजळली... आणि समोर ४८ अंकी रिकव्हरी की मागणारी निळी खिडकी. की नसेल तर मशीन जिवंत, डेटा गेला. इंजिनियर खांदे उडवतो, कारण त्याच्या हातातही काही नसतं. म्हणून ती की पहिल्याच दिवशी प्रिंट करा. एक प्रत ऑफिसच्या फाइलमध्ये, एक घरी. त्याच लॅपटॉपवर सेव्ह करू नका, हे सांगायला नको... तरी सांगितलं!

बॅकअपही त्याच दिवशी सुरू करा. टॅलीचं चालू डेटा फोल्डर थेट वनड्राइव्हमध्ये ठेवू नका. काम सुरू असताना फाइल्स सिंक होऊ लागल्या की डेटा बिघडण्याचा धोका असतो. टॅलीतूनच बॅकअप काढा आणि ती फाइल क्लाउडवर टाका. शिवाय आठवड्यातून एकदा त्या बाहेरच्या हार्ड डिस्कवर, जी लॅपटॉपच्या सॅकमध्ये राहणार नाही. सॅक गेली तर दोन्ही जातील.

ऊन आणि धूळ हे आपल्याकडचे जुने दोस्त. चैत्रात मांगीरबाबाच्या यात्रेच्या दिवसांत उभ्या कारमध्ये लॅपटॉप ठेवलात तर बॅटरीचं आयुष्य तुम्ही हाताने कमी करताय. शॉप फ्लोअरवर लोखंडाची बारीक धूळ फॅनमधून आत जाते, तेव्हा मशीनच्या कठड्यावर लॅपटॉप ठेवून काम नको, साधी ट्रॉली करून घ्या. आणि साफ करायला कंप्रेसरची लाइन अजिबात मारू नका. त्या हवेत पाणी आणि तेल असतं, शिवाय फॅन भलत्याच वेगात फिरून खराब होतो.

लॅपटॉपच्या पोटावरच्या सिरियल नंबरचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा. मोठ्या कंपन्यांच्या गेटवर मेक आणि सिरियल नंबर रजिस्टरमध्ये लिहिल्याशिवाय आत सोडत नाहीत, आणि रांगेत उभं राहून लॅपटॉप उलटा करून बारीक अक्षरं वाचण्याची कसरत रोज बघायला मिळते.

जुना लॅपटॉप भाच्याला द्यायची घाई करू नका. तो चालू आहे तोवर टॅलीचं लायसन्स त्यावरून सरेंडर करून घ्या, डिजिटल सिग्नेचरचं टोकन नव्या मशीनवर एकदा लावून खरोखर सही करून बघा, ब्राउझरमधले पासवर्ड्स काढा. पंधरा दिवस दोन्ही मशीन्स शेजारी ठेवल्या तर उत्तमच. आणि ऑफिसात मराठीत नोटिसा काढत असाल तर जुन्या श्रीलिपी किंवा कृतिदेवच्या फाइल्स त्याच मशीनवर युनिकोडमध्ये करून घ्या, नाहीतर नव्यावर सुट्टीची नोटीस उघडाल आणि समोर मंगळावरची भाषा!

पुढच्या आठवड्यात प्रिंटर. इंक टँक की लेझर, यावरून ऑफिसात भांडणं सुरू असतील तर आठ दिवस थांबवा.