कावळ्याची थट्टा आणि फुटलेल्या बांगड्या

१/ वाशीम जिल्ह्यात गावोगाव दहाव्याला पाण्याच्या काठी पिंड ठेवून कावळ्याची वाट पाहिली जाते. समाजमाध्यमांवरील अंधश्रद्धेची थट्टा बहुधा या कावळ्यापाशीच थांबते. वास्तविक त्या प्रतीक्षेने कोणाचेही नुकसान होत नाही. ज्या समजुतीने होते, तिच्याविषयी मात्र थट्टेखोरही मौन पाळतात.

२/ पतीच्या अंत्यविधीत पत्नीचे कुंकू पुसले जाते, बांगड्या फोडल्या जातात, मंगळसूत्र आणि जोडवी काढली जातात. मुळाशी समजूत एकच : नवऱ्याच्या मरणाने बाई अशुभ होते. मग पोटच्या मुलाच्या हळदीतही तिला मागे उभे राहावे लागते. याचे समर्थन ‘आपली पुरातन परंपरा’ या शब्दांत होते. हा दावा इतिहासाचा आहे. तो इतिहासाच्याच कसोटीवर तपासला पाहिजे.

३/ वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. दुसरी शाखा नंदिवर्धनाहून (आजचे नगरधन, जि. नागपूर) राज्य करीत होती. तेथील राजा दुसरा रुद्रसेन निवर्तला तेव्हा पुत्र अल्पवयीन होता. राज्यकारभार हाती घेतला तो राजाच्या विधवेने. ती प्रभावतीगुप्ता, दुसऱ्या चंद्रगुप्ताची कन्या.

४/ तिचा पुणे ताम्रपट उपलब्ध आहे. त्यात ती स्वतःला रुद्रसेनाची अग्रमहिषी आणि युवराज दिवाकरसेनाची माता म्हणवते, माहेरच्या गुप्तवंशाचा अभिमानाने उल्लेख करते आणि विष्णूच्या चरणी निवेदन करून ब्राह्मणाला भूमिदान देते. दान हे पुण्यकर्म. ते विधवेच्या हातून झाले म्हणून अशुभ ठरले नाही.

५/ राणीच्या दानपत्रावरून सामान्य विधवेची स्थिती ठरत नाही, हा आक्षेप रास्त आहे. परंतु ‘विधवा पहिल्यापासून सर्वत्र अशुभच’ या सरसकट विधानाला छेद देण्यास एक ताम्रपट पुरेसा आहे.

६/ सामान्यांचा पुरावाही आहे. वऱ्हाडातील अनेक शेतकरी जातींत विधवेचा पुनर्विवाह ‘पाट’ या नावाने रूढ होता. त्याला पहिल्या लग्नाचा मान नव्हता, पण जातीची मान्यता होती. पुढे ‘कुलीन’ म्हणवून घेण्याच्या हव्यासात अनेक घराण्यांनी तो सोडला. म्हणजे ज्या कडकपणाला पुरातन म्हटले जाते, तो कित्येक घरांत नंतर आला.

७/ त्याविरुद्धचा आवाजही वऱ्हाडातलाच. वाशीमच्या शेजारच्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ प्रसिद्ध केली. निमित्त होते सुरतेकडील विजयलक्ष्मी या तरुण विधवेच्या खटल्याचे. बायको मेल्यावर पुरुष लगेच दुसरी करतो, मग स्त्रीनेच काय पाप केले, या प्रश्नाला परंपरेच्या कैवाऱ्यांनी आजवर सरळ उत्तर दिलेले नाही.

८/ ‘कायदा आहे ना!’ असे म्हणून सुटका होत नाही. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत विधवा प्रथेचा समावेश नाही. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने ही प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन केले. आवाहन म्हणजे सक्ती नव्हे. निर्णय गावाच्याच हाती आहे.

९/ शेवटचा युक्तिवाद : ‘हे तर बायकाच बायकांना करतात.’ करतात, आणि त्यांतल्या अनेकींच्या बांगड्या पूर्वी अशाच फोडलेल्या असतात. त्या वेळी ओट्यावर बसलेले पुरुष ‘राहू द्या’ एवढे दोन शब्द उच्चारू शकतात. ते न उच्चारणे हाही निर्णयच असतो.

१०/ कावळ्याला पिंडापाशी येऊ द्यावे. वत्सगुल्माचा वारसा मिरवणाऱ्या जिल्ह्यातील ग्रामसभांपुढे मात्र हेरवाडसारखा ठराव आलाच पाहिजे. त्याला ‘परंपरा’ म्हणून विरोध करणाऱ्याने आधी प्रभावतीगुप्तेचा ताम्रपट वाचावा.

(समाप्त)