एकाचा अपराध, साऱ्या वस्तीचा तोटा

खरेदीचा विषय ह्या सदरांत नवा नाहीं. परंतु आज ज्या मालाविषयीं लिहावयाचें योजिलें आहे, तो आमच्या गृहिणींच्या यादींत कधीं चढलेला नाहीं. मंगोलियांतील मेंढपाळ स्त्रिया लोकरीचे बुरणूस, सपाता, तान्ह्या मुलांचे जोडे आणि मांजरांचीं खेळणीं तयार करितात. हा माल परदेशीं विकला जातो, आणि तेथील कित्येक हिमबिबट्यांचें जीवित ह्या विक्रीशीं बांधलें गेलें आहे. मांजरासाठीं खेळणें विकत घेणारे लोक जगांत आहेत, हें ऐकून घरोघरच्या आजीबाई हंसतील, खुशाल हंसोत. त्या खेळण्यापाठीमागचा करार मात्र विचार करण्याजोगा आहे.

हिमबिबट्या मध्य व दक्षिण आशियांतील बारा देशांत, उंच व उजाड डोंगरांवर राहतो. जानेवारी २०२४ मध्यें प्रसिद्ध झालेल्या गणतींत भारतांत त्यांची संख्या ७१८ असल्याचा अंदाज निघाला. रानबोकड व रानमेंढे हें त्याचें स्वाभाविक भक्ष्य. तें दुर्मिळ झालें, कीं तो मेंढवाड्याकडे वळतो. गोबीच्या प्रदेशांतील कुटुंबाची दौलत म्हणजे शेळ्या, मेंढ्या, उंट आणि घोडे. २००९-१० च्या भयंकर हिवाळ्यांत मंगोलियांत ८० लक्षांहून अधिक जनावरें मेलीं. असा हिवाळा ज्यानें काढिला, त्याच्या वाड्यांत बिबट्या शिरून एका रात्रींत पांचसात मेंढ्या मारून गेला आणि त्यानें बंदुकीस हात घातला, तर त्यास निर्दय म्हणण्याचा अधिकार पुण्यामुंबईस पंख्याखालीं बसून चहा घेणारांस आहे, असें आम्हांस वाटत नाहीं.

बायार्जार्गल अग्वान्त्सेरेन ह्या बाई मूळच्या भाषाशिक्षिका. एका संशोधकाच्या दुभाषी म्हणून काम करीत असतां मेंढपाळांचीं हीं गाऱ्हाणीं त्यांच्या कानीं आलीं. १९९८ सालीं प्रिसिला ॲलन ह्या बाईंच्या साह्यानें त्यांनीं 'स्नो लेपर्ड एंटरप्रायझेस' हा उद्योग आरंभिला. अमेरिकेंतील सिॲटल येथें १९८१ सालीं स्थापन झालेली 'स्नो लेपर्ड ट्रस्ट' ही संस्था त्याच्या पाठीशीं आहे. कच्ची लोकर व्यापाऱ्यास घातली, तर हातीं फारच थोडें पडे. बुरणूस करावयास माग लागत नाहीं, चरखाही लागत नाहीं. पिंजलेल्या लोकरीचे थर द्यावयाचे, ऊन पाणी शिंपडावयाचें, साबण लावून रगडावयाचें; तंतू एकमेकांत असे गुंततात कीं मागाहून सोडवूं म्हटलें तरी सुटत नाहींत. ही कला तेथील बायकांस परंपरेनें अवगत. तिला नमुने, मापें व गिऱ्हाईक मिळतांच त्याच लोकरीचें मोल वाढलें, आणि तो पैसा स्त्रियांच्या हातीं आला.

आतां करार. ह्या उद्योगांत भाग घेणारांनीं हिमबिबट्या व त्याचें भक्ष्य असलेलीं रानटी जनावरें न मारण्याचें वचन द्यावयाचें. वर्षभर वचन पाळलें गेलें, तर मालाच्या किंमतीवर शेंकडा २० बक्षिसी. वस्तींतील एकानेंही तें मोडलें, तर त्या वर्षाची बक्षिसी साऱ्या वस्तीची बुडाली.

एकत्र कुटुंबांत वाढलेल्या वाचकांस येथें कांहीं ओळखीचें दिसेल. पुतण्यानें दिवे लावावेत आणि नांव साऱ्या घराण्याचें जावें, हें आपणांस नवें नाहीं. जी बाई महिनेन् महिने लोकर रगडीत बसली, तिनें कोणा शेजाऱ्याच्या बंदुकीसाठीं पैसा कां गमवावा? कोर्टांत हा न्याय टिकणार नाहीं. तरीही आम्ही त्याच्या बाजूचे आहों. त्या विस्तीर्ण डोंगरांत सरकारी रक्षक प्रत्येक कड्यावर उभा राहूं शकत नाहीं. शेजारणीस मात्र कोणाच्या घरीं काय शिजतें हें ठाऊक असतें. एक शंका राहते, व ती लहान नाहीं. घराची अब्रू झांकण्यासाठीं एकत्र कुटुंब जसें एका तोंडानें खोटें बोलतें, तशी वस्तीही बोलूं शकेल. म्हणूनच पडताळा वस्तीवर न सोपवितां रक्षक व स्थानिक अधिकारी ह्यांजकडे ठेविला आहे, हें शहाणपणाचें झालें.

लोकर विकून रान राखतां येतें, तसें तें उजाडही करितां येतें. मंगोलियांतील शेळीची मऊ लोकर, म्हणजे काश्मिरी शालींची ती लोकर, जगाच्या बाजारांत खपूं लागल्यापासून तेथें शेळ्या बेसुमार वाढल्या. १९९० सालीं त्या सुमारें ५० लक्ष होत्या. २०१८ सालीं अडीच कोटींहून अधिक झाल्या. जें गवत रानबोकडानें खावयाचें, तें शेळीनें खाल्लें. बुरणुसाच्या धंद्यांत मिळकत वाढते ती कारागिरीनें. त्यासाठीं कळप वाढवावा लागत नाहीं. आमच्या मतें बक्षिसीइतकेंच हेंही महत्त्वाचें.

केवळ सपातांनीं डोंगर वांचत नाहीं, हें बायार्जार्गल बाईंनीं ओळखिलें होतें. दक्षिण गोबींतील तोस्त डोंगरांत खाणींचे परवाने दिले गेले होते. तेव्हां त्यांनीं मेंढपाळांस बरोबर घेऊन चळवळ केली, आणि २०१६ सालीं तेथील पार्लमेंटानें सुमारें १८ लक्ष एकरांचें अभयारण्य जाहीर केलें. २०१९ चें गोल्डमन पारितोषिक त्यांस मिळालें तें ह्याच कामासाठीं.

आपल्याकडे हिमाचलांतील स्पितीच्या खोऱ्यांत २०१३ पासून 'शेन' ह्या नांवानें स्त्रियांचा गट लोकरीच्या वस्तू करून विकतो. शेन म्हणजे तेथील बोलींत हिमबिबट्या. सुटींत तिकडे जाणारीं कुटुंबें आमच्या वाचकांत आहेतच. त्यांनीं आईसाठीं पायमोजे अवश्य आणावेत. मात्र वाटेंतल्या दुकानांत एखाद्या पिशवीवर वाघाबिबट्याचें चित्र दिसलें, तर पैसे मोजण्यापूर्वीं दुकानदारास विचारावें, कीं ही पिशवी कोणीं शिवली, तिला किती मिळाले, आणि जनावर मारिलें गेल्यास कोणाचें काय बुडतें. ज्याच्यापाशीं तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नाहीं, त्याची पिशवी भाजी आणावयास घेण्यास हरकत नाहीं.