आधी ड्रायव्हर, मग कार्ड

रुग्णालयात एक्स-रे, सीटी स्कॅन पाहायच्या संगणकावर लिनक्स टाकले की परवान्याचा खर्च वाचतो. पण त्यासाठी ग्राफिक्स कार्ड घेताना नुसते 'किती जीबी' विचारून भागत नाही. खरा प्रश्न ड्रायव्हरचा. एएमडी आणि इंटेलचे ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नेलमध्येच असतात. एनव्हिडियाचा स्वतःचा ड्रायव्हर वेगळा बसवावा लागतो. कर्नेल बदलल्यावर तो जुळला नाही, तर ऐन ओपीडीच्या वेळी पडदा काळा! २०२२ मध्ये कंपनीने त्यातला कर्नेलपुरता भाग खुला केला, तोही ट्युरिंग व त्यापुढच्या कार्डांसाठीच. 'कुडा'वर चालणाऱ्या एआयच्या कामाला एनव्हिडियाच लागते, हे मान्य. नुसत्या प्रतिमा पाहायला मात्र एएमडीचे, बाजारात वर्षभर रुळलेले कार्ड बरे. अगदी नवे कार्ड डेबियनच्या स्थिर आवृत्तीतले जुने कर्नेल अनेकदा ओळखत नाही.