प्लाझ्मा की एलसीडी? घरचा टीव्ही घेताना

नागपूर-अमरावती महामार्गावरील तळेगाव (श्यामजी पंत) हे आष्टी तालुक्यातील गाव आर्वी व आष्टीकडे जाणाऱ्या प्रवाशांच्या चांगले परिचयाचे आहे. तेथील एका फर्निचर कारागीर बंधूंनी मध्यंतरी आम्हाला थांबवून विचारले, की नागपुरात एक वापरलेला 42 इंची प्लाझ्मा टीव्ही अगदी थोडक्यात मिळतो आहे, तो घ्यावा काय? विकणारा म्हणतो, असे चित्र आजच्या नव्या टीव्हीत दिसायचे नाही. ईदला मुलगी-जावई येतात, बैठकीत मोठा टीव्ही असावा, एवढीच या बंधूंची हौस.

आम्ही नको म्हणालो. पण विकणारा खोटे बोलत नव्हता, हेही सांगितले पाहिजे.

प्लाझ्माच्या दोन काचांमध्ये लाखो बारीक कप्पे असतात आणि त्यांत निऑन, झेनॉन यांसारखे वायू भरलेले असतात. विजेचा दाब मिळाला की वायूतून अतिनील किरण निघतात, ते कप्प्यातील लेपावर पडतात आणि तो कप्पा स्वतः उजळतो. जेथे काळे दाखवायचे तेथे कप्पा जवळजवळ विझलेलाच असतो. म्हणून प्लाझ्माचा काळा रंग खरा काळा दिसे, बाजूला बसून पाहिले तरी रंग फिके पडत नसत आणि क्रिकेटचा चेंडू धूसर होत नसे. हा शोध 1964 सालचा, अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठातला. एलसीडीची गोष्ट वेगळी. तेथे मागे दिवा सतत जळत असतो आणि पुढचा द्रवस्फटिकाचा पडदा ठिपक्याठिपक्याला झडप उघडावी-मिटावी तसा उजेड सोडतो किंवा अडवितो. झडप कितीही मिटली तरी थोडा उजेड झिरपतोच. त्यामुळे काळा रंग राखाडी वाटतो.

पंधरा-वीस वर्षांपूर्वी शोरूमच्या काळोख्या खोलीत दोन्ही शेजारी शेजारी लावले, की गिऱ्हाईक प्लाझ्माकडेच वळे. परंतु आपली घरे शोरूम नव्हेत. विदर्भातील बैठकीचे दार दिवसभर उघडे, समोर अंगण, अंगणात लख्ख ऊन. त्या उजेडात प्लाझ्माच्या काचेत चित्रापेक्षा दारातली सायकलच जास्त दिसायची. एलसीडी तेथे सरस ठरला.

आता विजेचा हिशोब पाहू. 42 इंची प्लाझ्मा 200 ते 300 वॅट ओढतो. 250 धरा आणि रोजचे सहा तास धरा. महिन्याला 45 युनिट झाले. त्याच आकाराचा आजचा एलईडी दिव्याचा टीव्ही 80 वॅट धरला, तर साडेचौदा युनिटच्या आत काम भागते. तीस युनिटचा फरक एरवी किरकोळ वाटेल, पण महावितरणच्या घरगुती दरात पहिले 100 युनिट स्वस्त आणि त्यापुढचे बरेच महाग आहेत. शंभराच्या काठावर असलेले घर एका टीव्हीपायी वरच्या दरात जाते. शिवाय मे महिन्यात कूलर चालवायचा आणि त्याच खोलीत ही शेगडीही पेटवायची, हे कोणत्या शहाणपणात बसते?

सुट्या भागांचा प्रश्न तर याहून अवघड. पॅनासॉनिकने प्लाझ्माचे उत्पादन 2013 च्या अखेरीस आवरते घेतले, सॅमसंग व एलजी यांनी 2014 मध्ये. आज बोर्ड जळाला, तर दुसऱ्या मेलेल्या टीव्हीतून काढलेलाच शोधावा लागतो. एकच वृत्तवाहिनी दिवसभर चालणाऱ्या दुकानातला संच असेल, तर वाहिनीचे चिन्ह पडद्यावर कायमचे उमटलेले असते, ते कोणी काढू शकत नाही. स्वस्त का मिळतो, याचे उत्तर येथे आहे.

तेव्हा प्लाझ्मा विरुद्ध एलसीडी हा वाद बाजाराने केव्हाच मिटविला. पण नावे बदलून तो पुन्हा दुकानात आला आहे आणि येथे आमच्या व्यापारी बंधूंना दोन शब्द सांगणे भाग आहे. एलईडी टीव्ही म्हणजे एलसीडीच. पूर्वी मागे बारीक ट्यूब असत, आता एलईडीच्या पट्ट्या असतात, एवढाच बदल. क्यूएलईडी हाही एलसीडीच, रंग खुलविणारा एक पापुद्रा अधिक. ओएलईडी मात्र खरोखर निराळा. त्याचा प्रत्येक ठिपका प्लाझ्मासारखा स्वतः उजळतो, म्हणून काळा रंग तसाच सुरेख, आणि चिन्ह उमटण्याचा धोकाही तसाच. एका अक्षराच्या फरकात हजारो रुपयांचे अंतर आहे. गिऱ्हाईक क्यू आणि ओ यांत गोंधळले आणि दुकानदार गप्प राहिला, तर बोर्डावर खोटे काहीच लिहिलेले नसते, तरीही सौदा साफ राहत नाही. धान्याच्या ढिगात हात घालून आतली ओल बाहेर दाखविण्याचा प्रसंग आमच्या वाचकांनी लहानपणापासून ऐकला आहे, तो येथे लागू पडतो.

आमचे मत साधे आहे. दहा-बारा फुटांच्या बैठकीला 32 ते 43 इंचांचा साधा एलईडी दिव्याचा एलसीडी पुरेसा आहे. पूर्वी 32 इंचांपर्यंत 18 टक्के आणि त्यावर 28 टक्के जीएसटी असल्याने पुष्कळ लोक 32 वरच थांबत. 22 सप्टेंबर 2025 पासून मोठ्या संचांवरही 18 टक्केच झाला आहे, तेव्हा त्या कारणाने थांबायचे कारण उरले नाही. मागच्या बाजूस भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह व नोंदणी क्रमांक आहे का, आणि दुरुस्तीचा माणूस आर्वी, अमरावती किंवा नागपूरहून घरी येतो का, हे विचारावे. मोठ्या कंपनीशी मिळतेजुळते नाव लावलेले जुळणीचे संच फिरत असतात. त्यांचा पडदा कोणत्या प्रतीचा, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते.

एलसीडी फार नाजूक, अशी तक्रार ऐकू येते. ती अर्धी खरी आहे. आमच्या पाहण्यात दोष बहुधा जागेचा असतो. टीव्ही कूलरच्या समोर टांगला, की ओली हवा आणि पाण्यातले क्षार पडद्याच्या कडेच्या बारीक जोडांवर बसतात आणि एके दिवशी उभी रेघ येते. ती रेघ म्हणजे पडद्याचाच आजार, आणि पडदा बदलणे जवळपास नव्या टीव्हीच्या किमतीत जाते. दुसरा शत्रू वीज. खांबावरचा न्यूट्रल तुटला, तर 230 च्या जागी 400 च्या आसपास व्होल्ट घरात येतात. पावसाळ्यात वीज कडाडू लागली, की नुसता रिमोट दाबून भागत नाही. प्लग काढावा आणि छत्रीची वायरही काढावी.

चित्र एकाएकी गेले पण आवाज येतो, असे झाले तर घाबरू नये. अंधारात पडद्यावर बॅटरी मारून पाहावी. चित्र अंधुक दिसत असेल, तर फक्त मागची पट्टी गेली आहे. पट्टीतले दिवे एका माळेत असतात, एक गेला की सारी माळ विझते. हे काम आपल्या गावचा हुशार कारागीर करू शकतो आणि पट्टी पडद्याच्या मानाने पुष्कळ स्वस्त असते. जुन्या पिक्चर ट्यूबवर हात बसलेले आमचे कित्येक कारागीर मोबाईलकडे वळले किंवा दुकान बंद करून बसले. त्यांनी ही विद्या उचलावयास हवी. काच न फोडता पडदा उचलणे एवढीच त्यात खरी अवघड गोष्ट आहे, आणि ती मोडक्या संचावर शिकता येते.

व्यापाऱ्याने वारा कसा ओळखावा, याचे मोठे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. औरंगाबादजवळ चितेगावला कारखाना असलेल्या व्हिडिओकॉनने 2005 साली थॉमसन या फ्रेंच कंपनीचा पिक्चर ट्यूबचा जगभरचा धंदा विकत घेतला. इटली, पोलंड, मेक्सिको, चीन येथले कारखाने आले आणि त्याच सुमारास ट्यूबचे दिवस भरले. पुढे कंपनीने तेल, मोबाईल सेवा असे पुष्कळ उद्योग केले, कर्ज वाढत गेले आणि 2018 मध्ये प्रकरण दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणात गेले. ट्यूबने एकटीने तिला बुडविले असे म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु जुना माल स्वस्त मिळतो म्हणून गोदाम भरू नये, हे छोट्या दुकानदारालाही यातून दिसते.

पैशाची गोष्ट राहिली. बिनव्याजी हप्त्याची पाटी पाहून आमचे बंधू निर्धास्त होतात. वस्तुस्थिती अशी, की बँक व्याज लावतेच. कंपनी तेवढी रक्कम सवलत म्हणून वजा करते आणि कार्डाच्या पत्रकात व्याज व त्यावरचा जीएसटी दिसतो. शून्य टक्क्यांच्या अशा योजनांत व्याज दडविले जाते, म्हणून रिझर्व्ह बँकेने 2013 मध्येच बँकांना ताकीद दिली होती. शरीयतचा निर्णय आपल्या आलिमांना विचारावा, पण आधी कागद त्यांच्यापुढे ठेवावा. पाटी दाखवून भागणार नाही. आम्हाला विचाराल, तर दहा-बारा कारागिरांची भिशी बरी. बोलीची नव्हे, चिठ्ठीची. टीव्ही सहा महिने उशिरा आला म्हणून कोणाचे अडत नाही.

तळेगावच्या त्या बंधूंनी प्लाझ्माचा नाद सोडला. जुन्या टीव्हीसाठी त्यांनीच वीस वर्षांपूर्वी केलेले दोन फूट खोल शोकेस बैठकीत अजून उभे आहे, ते काढून भिंतीला पातळ फळी बसवायची ठरले. मागे हवेला किती जागा सोडू, असे त्यांनी विचारले. आम्ही चार बोटे म्हणालो, आणि कूलरची खिडकी समोर येऊ देऊ नका म्हणालो. त्यांनी कानावरची पेन्सिल काढून प्लायवर खूण केली.